डायल गेजचा घरी बनवलेला स्टँड
(पंप आणि मोटार एका रेषेत बसवण्यासाठी)

— ऊस विकास अधिकारी



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खते, पाचट यांविषयी वाचता. या अंकात लोखंडाविषयी लिहीत आहे. कारण साधे आहे. जानेवारीत लावलेल्या सुरू उसाचा एप्रिल-मे हा फुटवे धरण्याचा काळ. त्या उन्हात पाण्याची एक पाळी चुकली तर आलेले फुटवे जागेवर वाळतात, आणि मग पुढे कितीही युरिया टाका, गेलेली ऊससंख्या परत येत नाही. पाळी का चुकली म्हणून विचारावे तर नदीला पाणी नव्हते असे उत्तर क्वचितच मिळते. "साहेब, पंपाचं बेअरिंग गेलं," हे उत्तर बहुतेक वेळा मिळते.

आता बेअरिंग एकदा जाणे समजू शकते. पण नवे टाकलेले बेअरिंग दोन महिन्यांत जाते, कपलिंगमधले रबरी बुश चुऱ्यासारखे खाली पडतात, ग्लँडमध्ये कितीही दोरी भरली तरी पाणी उडतेच, अशी लक्षणे एकत्र दिसली की दोष बेअरिंगच्या कंपनीचा नसतो. पंपाचा शाफ्ट आणि मोटारचा शाफ्ट एका रेषेत नसतात. मिनिटाला १४४० फेऱ्या मारणारी मोटार आठ तास चालली तर सुमारे सात लाख फेऱ्या होतात. रेषा वाकडी असेल तर तितक्या वेळा शाफ्टला हिसका बसतो. जू तिरके बसले तर बैलाच्या मानेची काय गत होते हे आपल्याला सांगायला नको.

हा लेख कोणासाठी आहे ते आधी सांगतो, म्हणजे इतरांचा वेळ जाणार नाही. मोनोब्लॉक पंपात पंखा मोटारच्याच शाफ्टवर बसलेला असतो, तिथे रेषा जुळवण्याचा प्रश्न नाही. सबमर्सिबल पंपही त्याचे त्याचे जुळून येतात. पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाची तऱ्हा वेगळी. पण ज्यांचा पंप वेगळा आणि मोटार वेगळी असून मध्ये कपलिंग आहे, विशेषतः आपल्या सहकारी उपसा जलसिंचन योजनांचे मोठे पंप, त्यांच्या संचालकांनी आणि पंप ऑपरेटरांनी हे जरूर वाचावे. गावात ज्यांचे लेथचे वर्कशॉप आहे, किंवा ज्यांचा मुलगा आय.टी.आय.ला फिटर-टर्नर शिकतो आहे, त्यांनीही वाचावे.

पट्टी आणि डायल गेज

आपल्याकडचा फिटर कपलिंगच्या दोन्ही अर्ध्यांवर पोलादी पट्टी आडवी धरतो, खालून उजेड दिसतो का पाहतो आणि बोल्ट आवळतो. सुरुवातीला हे करावेच, त्यात काही वाईट नाही. पण पट्टी आणि डोळा यांनी मोठा फरक तेवढा कळतो. केसाएवढा फरक कळायला डायल गेज लागते.

डायल गेज म्हणजे घड्याळासारखी तबकडी आणि खाली आत-बाहेर सरकणारी दांडी. दांडी एक मिलीमीटर आत गेली की मोठा काटा एक पूर्ण फेरी मारतो. तबकडीवर १०० रेघा असतात, म्हणजे एक रेघ एक शतांश मिलीमीटरची. हे यंत्र घड्याळासारखे दिसते ते उगीच नाही. अमेरिकेतील वॉल्थॅम या घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी जॉन लोगन याने १८८३ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आज हे गेज तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातही मागवून मिळते, आणि त्याची किंमत एका चांगल्या बेअरिंगपेक्षा फारशी जास्त नसते.

खरी अडचण गेजची नाही, गेज धरण्याची आहे. हातात धरून शतांश मिलीमीटर मोजता येत नाही. बाजारात लोहचुंबकाची बैठक असलेला स्टँड मिळतो, आणि सपाट टेबलावर तो उत्तम चालतो. पण पंपाच्या कपलिंगचा गोल काठ अरुंद, त्यावर रंगाचे थर, आणि बैठक गोल फिरवून खाली आणायची. तिथे चुंबक घसरला की गेज फरशीवर. शिवाय बाजारी स्टँडचे दांडे लांब असतात, आणि लांब दांडा झुलतो. म्हणून आपल्या कामाला घरी बनवलेला आखूड, जाड स्टँड जास्त उपयोगी पडतो. ऑफ सीझनमध्ये कारखान्यातही मोठ्या यंत्रांची कपलिंगे याच पद्धतीने जुळवली जातात. तिथले फिटर जागेप्रमाणे स्वतःचे ब्रॅकेट बनवून घेतात.

जाडी आणि लांबी यांचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. दांड्याची लांबी निम्मी केली तर त्याची लवण आठपट कमी होते. १२ मि.मी.ऐवजी १६ मि.मी. जाडीचा दांडा घेतला तर ती सुमारे तिपटीने कमी होते. तेव्हा लोखंडात काटकसर करू नका, लांबीत करा.

बनवण्याची रीत

लागणारे सामान वर्कशॉपच्या भंगारात बहुधा सापडते. १६ मि.मी.चा ब्राइट बार वीतभर, १२ मि.मी.चा तेवढाच, जाड चौकोनी लोखंडाचे चार तुकडे, काही बोल्ट आणि सायकलची जुनी चेन. ब्राइट बारच घ्यावा. बांधकामाची सळई किंवा काळा गोल बार नको, त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि सांधा त्यावर नीट सरकत नाही.

पहिला भाग बैठकीचा. सुमारे ६० मि.मी. लांब, ४० रुंद आणि ३० जाड असा ठोकळा घ्यावा. त्याच्या खालच्या बाजूस लांबीच्या दिशेने ९० अंशांची इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडावी. शेपर असेल तर दहा मिनिटांचे काम, नसेल तर करवत आणि कानस. ही खाच कपलिंगच्या मानेवर किंवा शाफ्टवर बसते आणि कितीही जाडीच्या गोलावर दोन रेषांनी टेकते, म्हणून डुलत नाही. ठोकळ्याच्या एका बाजूला चेन अडकवायला एक खिळा, दुसऱ्या बाजूला ८ मि.मी.चा आकडा असलेला बोल्ट आणि नट. चेन शाफ्टभोवती घेऊन कडी आकड्यात अडकवायची आणि नट आवळायचा. बैलगाडीवरचे ओझे आपण जसे आवळतो तसेच, फक्त इथे नट आहे. सायकलच्या चेनचा गुण असा की ती लांबीला ताणत नाही आणि लागेल तितक्या कड्यांवर अडकवता येते. दोर किंवा तार बांधून भागवू नये.

उभा दांडा १६ मि.मी.चा, लांबी १५० मि.मी. पुरे. त्याचे एक टोक लेथवर उतरवून १० मि.मी.चे आटे पाडावेत आणि ठोकळ्यात ८.५ मि.मी. ड्रिल मारून तेच आटे घ्यावेत. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. दांडा आट्यांवर उभा राहता कामा नये. उतरवलेल्या भागाच्या वर जी पायरी तयार होते ती ठोकळ्याच्या माथ्यावर चौफेर टेकली पाहिजे. आट्यांत नेहमीच थोडी ढिलाई असते. पायरी टेकली तरच दांडा खांबासारखा उभा राहतो. वेल्डिंग करून टाकू असे काहीजण म्हणतील. चालेल, पण वेल्डिंगने ठोकळा ओढला जातो आणि खाच वाकडी होते. मग खाच पुन्हा कानशीने जुळवावी लागते.

आता सांधा. सगळ्या स्टँडचा जीव यात आहे, म्हणून सावकाश वाचावे. दोन ठोकळे लागतात. मोठा ४० × ३० × २५ मि.मी., त्यात १६ मि.मी.चे भोक. लहान ३५ × २५ × २० मि.मी., त्यात १२ मि.मी.चे भोक. दोन्ही भोके ठोकळ्याच्या एका टोकाकडे, म्हणजे दुसऱ्या टोकाकडे बोल्टला जागा राहते. भोकाची कड आणि बोल्टची कड यांच्या मध्ये निदान ५ मि.मी. धातू राहू द्यावा. मग भोकापासून बोल्टकडच्या टोकापर्यंत करवतीने चीर पाडावी. ठोकळा आता चिमट्यासारखा झाला. चिरेला काटकोनात ८ मि.मी.चा एकच बोल्ट दोन्ही ठोकळ्यांतून आरपार जातो. मोठ्या ठोकळ्याच्या दोन्ही पाकळ्यांत आणि लहान ठोकळ्याच्या अलीकडच्या पाकळीत भोक ८.५ मि.मी.चे, मोकळे. लहान ठोकळ्याच्या पलीकडच्या पाकळीत मात्र ६.८ मि.मी. ड्रिल मारून ८ मि.मी.चे आटे. दोन ठोकळ्यांच्या मध्ये एक सपाट वायसर.

बोल्ट सैल केला की मोठा ठोकळा उभ्या दांड्यावर वर-खाली सरकतो, आडवा दांडा लहान ठोकळ्यातून पुढे-मागे सरकतो आणि दोन ठोकळे एकमेकांवर हव्या त्या कोनात फिरतात. बोल्ट आवळला की तिन्ही हालचाली एकदम बंद. एका बोल्टवर तीन कामे होतात. बोल्टच्या डोक्याला ६ मि.मी.च्या सळीचा तुकडा आडवा वेल्ड करावा, म्हणजे पाना शोधत बसावे लागत नाही.

भोके आधी पाडा, चीर नंतर. उलट केले तर ड्रिल चिरेकडे ओढले जाते आणि भोक लांबट होते. टर्नर मंडळींना हे ठाऊक आहे, पण शिकाऊ मुलांसाठी लिहिले.

आडव्या दांड्याच्या पुढच्या टोकाला २० मि.मी. लांबीपर्यंत निम्मी जाडी कानशीने सपाट करून ६ मि.मी.च्या बोल्टसाठी भोक पाडावे. तिथे गेज धरणारा लहान ठोकळा बसतो. गेजच्या मानेची जाडी बहुतेक ८ मि.मी. असते. त्यासाठी ७.८ मि.मी. ड्रिल मारून ८ च्या रीमरने भोक साफ करावे, एका बाजूने चीर पाडावी आणि दांड्याला जोडणारा बोल्टच चिरेतून काढावा. हा बोल्ट बेताने आवळावा. गेजची मान आतून पोकळ असते. जोर केला तर ती दबते, दांडी आत अडकते आणि मग काटा खोटे सांगतो. नवे गेज अशा तऱ्हेने पहिल्याच दिवशी खराब होऊ शकते.

बारीक फिरकीने गेज किंचित पुढे-मागे करण्याची सोयही करता येते. गेजच्या ठोकळ्याजवळ आणखी एक चीर पाडून दोन-अडीच मि.मी. धातू बिजागरीसारखा ठेवायचा आणि एका स्क्रूने ती चीर रुंद करायची. स्क्रू सोडला की धातू स्प्रिंगसारखा परत येतो. कारखान्याच्या टूलरूममध्ये याचा उपयोग आहे. पण माझे मत विचाराल तर पंपाच्या कामाला याची गरज नाही, कारण तबकडीची बाहेरची कडी फिरवून शून्य काट्याखाली आणता येतेच. प्रत्येक नवा सांधा म्हणजे ढिलाईला एक नवी जागा.

वर्कशॉपवाल्यांनी याच उभ्या दांड्यासाठी दुसरी सपाट बैठक करून ठेवावी, ७५ × ७५ मि.मी.ची, २० जाड. खालून मध्यभाग थोडा खोल करावा म्हणजे ती फक्त कडांवर टेकते आणि डुलत नाही. वर चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब मध्यावर आणायला, किंवा पंपाचा शाफ्ट दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून कुठे वाकला आहे ते पाहायला ती कामाला येते. तिला बोल्टने बसवण्यासाठी एक भोक ठेवावे.

स्टँडची परीक्षा

स्टँड झाला की लगेच पंपावर नेऊ नये. गेज लावून दांडी कशावर तरी टेकवावी, काटा शून्यावर आणावा आणि आडव्या दांड्यावर बोटाने हलका दाब द्यावा. काटा हलणारच. दाब सोडल्यावर तो शून्यावर परत आला पाहिजे. एका रेघेपेक्षा जास्त फरक राहिला तर कुठला तरी सांधा ढिला आहे.

दुसरी परीक्षा लवणीची. एक जाड, सरळ पाइप किंवा बार घ्यावा. त्यावर चेनने स्टँड बांधावा, आणि कपलिंगवर जितक्या अंतरावर गेज येणार आहे तितक्याच अंतरावर त्याच पाइपवर दांडी टेकवावी. गेज वर असताना शून्य करावे आणि सगळा पाइप अर्धी फेरी फिरवून गेज खाली आणावे. स्टँड आणि पाइप एकत्र फिरतात, दांडी पाइपच्या त्याच ठिपक्यावर असते, तेव्हा काटा हलायला खरे तर कारण नाही. तरी तो उणेकडे सरकतो. वर असताना दांडा स्वतःच्या वजनाने पाइपकडे झुकतो आणि खाली आल्यावर पाइपपासून लांब झुकतो, म्हणून. समजा काटा उणे ०.१२ दाखवतो. हा आकडा स्टँडवर रंगाने लिहून ठेवावा. लवण असणे हा दोष नाही, ती माहीत नसणे हा दोष आहे. दांडा पुढे-मागे सरकवला की आकडा बदलतो, तेव्हा पुन्हा परीक्षा घ्यावी.

पंपावर वापर

सगळ्यात आधी स्टार्टर बंद करा आणि फ्यूज काढून खिशात ठेवा. आपल्याकडे शेतीची लाइन कधी येईल याचा नेम नाही आणि पुष्कळ ठिकाणी ऑटो स्विच बसवलेले आहेत. कपलिंगभोवती चेन बांधलेली, माणूस वाकून काटा वाचतो आहे आणि लाइन आली, तर काय होईल याची कल्पना करा. नुसते बटण दाबून बंद केले यावर विसंबू नका.

पहिले काम सोपे आहे आणि त्यातच निम्मे दोष सापडतात. सपाट बैठक मोटारखालच्या लोखंडी फ्रेमवर बोल्टने किंवा क्लँपने पक्की करा, दांडी मोटारच्या एका पायावर टेकवा आणि त्या पायाचा बोल्ट सैल करा. पाय ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त उचलला गेला तर तो पाय अधांतरी आहे, बोल्टने ओढून खाली आणलेला. त्या जागी तेवढ्या जाडीचा पत्रा घालावा. चारही पाय असे तपासावेत. तीन पायांवर बसलेली मोटार कधीच रेषेत राहत नाही.

मग चेनची बैठक पंपाकडच्या कपलिंगच्या मानेवर बांधून दांडी मोटारकडच्या अर्ध्याच्या काठावर टेकवावी. दोन्ही अर्ध्यांवर खडूने एक खूण करून दोन्ही बरोबरच फिरवावेत. बरोबर फिरवल्याने दांडी काठावरच्या त्याच जागी राहते, आणि काठ थोडा वाकडातिकडा असला तरी मापात चूक येत नाही. वर शून्य करा, मग उजवीकडे, खाली आणि डावीकडे काटा वाचून कागदावर लिहा. पुन्हा वर आल्यावर शून्य आले पाहिजे. उजवे आणि डावे यांची बेरीज खालच्या आकड्याइतकी आली पाहिजे. नाही आली तर काहीतरी हलले आहे, पुन्हा वाचा.

उदाहरण घेऊ. खाली आकडा आला अधिक ०.६८, उजवीकडे अधिक ०.३८, डावीकडे अधिक ०.३०. बेरीज जुळते. स्टँडची लवण उणे ०.१२ होती. खालच्या आकड्यातून ती वजा करायची, म्हणजे उणे वजा केल्याने अधिक होते आणि खरा आकडा ०.८० येतो. काटा नेहमी दुप्पट फरक दाखवतो, तेव्हा निम्मे करावे. मोटार ०.४० मि.मी. खाली आहे. चारही पायांखाली ०.४० जाडीचा पत्रा घाला. आडव्या दिशेत उजवे-डावे फरक ०.०८, त्याचे निम्मे ०.०४. मोटार उजवीकडे तेवढी सरकलेली आहे. तेवढी सोडली तरी चालेल.

लवण धरली नसती तर ०.३४ चा पत्रा घातला गेला असता आणि ०.०६ चा फरक तसाच राहिला असता.

रेषा जुळली तरी कोन जुळलेला असेलच असे नाही. कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट चारही बाजूंनी फिलर गेजने मोजावी. वर जास्त आणि खाली कमी असेल तर मोटारच्या पुढच्या आणि मागच्या पायांखाली वेगवेगळ्या जाडीचे पत्रे लागतील. किती फरक चालतो हे पंपाच्या पुस्तिकेत दिलेले असते, तोच आकडा पाळावा. पुस्तिका हरवली असेल तर १४४० फेऱ्यांच्या पंपाला रेषेतला फरक ०.१० मि.मी.च्या आत आणावा. त्याच्या दुप्पट वेगाच्या पंपाला निम्माच धरावा.

पत्रे पितळी किंवा स्टेनलेसचे वापरावेत. पत्र्याच्या डब्याचे तुकडे, सायकलची ट्यूब किंवा पुठ्ठा घालू नये. पावसाळ्यात डब्याचा पत्रा गंजतो, ट्यूब दबते, आणि महिन्याने पुन्हा तेच. एका पायाखाली तीन-चारपेक्षा जास्त पत्रेही नकोत. जाड एक आणि पातळ एक असे घ्यावेत.

आणखी एक उपयोग सांगतो. तो माझ्या पाहण्यात फारसा कोणी करत नाही. पंप-मोटार जुळल्यावर स्टँड तसाच बांधलेला ठेवून सक्शन आणि डिलिव्हरी पाइपच्या फ्लँजचे बोल्ट आवळावेत. बोल्ट आवळताना काटा ०.०५ पेक्षा जास्त हलला, तर पाइप पंपाला ओढतो आहे. एका उपसा योजनेवर एकाच हंगामात तीनदा बेअरिंग बदलले गेले होते. तिथे हेच निघाले. वरच्या लांब डिलिव्हरी पाइपाला आधारच नव्हता, त्याचे सगळे वजन पंपावर. दोन सिमेंटचे खांब बांधून पाइप त्यावर टेकवला, मग जुळवणी केली. त्याआधी कितीही पत्रे घातले तरी बोल्ट आवळताच रेषा जात होती.

सगळे बोल्ट आवळून झाल्यावर शेवटचे एक वाचन घ्यावे आणि तारखेसह पंपघराच्या भिंतीवर किंवा वहीत लिहावे. पुढच्या वर्षी लागण हंगामाच्या आधी पुन्हा वाचले की फाउंडेशन बसले आहे की नाही ते कळते. चेन आणि स्टँड काढले का, हे दोघांनी पाहावे, कपलिंगची जाळी परत बसवावी आणि मगच फ्यूज घालावेत.

स्टँडला तेलाचा हात मारून तो गोणपाटात गुंडाळून ठेवावा. गेजच्या दांडीला मात्र तेल लावू नये, धूळ धरून ती अडकते. गेज त्याच्या डबीतच ठेवावे. पंपघरातल्या खिडकीत नको.